बराकींची स्थानपोथी

विस्थापितांच्या साहित्यावर आपल्याकडे आता पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि या लेखनात ‘घर’ या शब्दाइतका वारंवार येणारा शब्द दुसरा क्वचितच असेल. मात्र हे घर म्हणजे बहुतेक वेळा मागे राहिलेले घर असते. सिंधमधील वाडा, पूर्व बंगालमधील तळ्याकाठचे घर, लाहोरची गल्ली. ते घर सोडल्यानंतर आणि आजच्या घरात येण्यापूर्वी माणसे जेथे राहिली, कधी पाच वर्षे तर कधी पंचवीस, त्या तात्पुरत्या निवाऱ्याला घर म्हणावयास आपले समीक्षक तयार नसतात. तो त्यांच्या लेखी प्रवासातला एक मुक्काम. प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, या मुक्कामाकडे झालेले दुर्लक्ष ही आपल्या तौलनिक साहित्याभ्यासातील एक मोठी उणीव आहे, आणि ती केवळ अनवधानाने राहिलेली नसून आपण भाषावार विभाग पाडून जी अभ्यासपद्धती उभी केली तिच्यातूनच ती निर्माण झाली आहे. हे सर्वसाधारण विधान तपासून पाहावयाचे तर कोल्हापूरनजीकच्या वळिवडे या गावाइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

वळिवड्याचा वृत्तांत थोडक्यात सांगावयास हवा. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पोलंडचा पूर्व भाग व्यापला. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत तेथील लक्षावधी माणसे, त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने, मालगाड्यांतून सायबेरिया, कझाकस्तान आणि रशियाचा उत्तर भाग येथे हलविण्यात आली. जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यानंतर, जुलै १९४१ मध्ये लंडनमधील पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, आणि जी माणसे जगली होती त्यांतील काहींना १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडता आले. पुरुष बहुतांशी सैन्यात गेले. बायकामुलांना कोठे ठेवावयाचे हा प्रश्न होता. जामनगरजवळ बालाचडी येथे नवानगरच्या जामसाहेबांनी पोलिश मुलांसाठी छावणी उभी केली, ती गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्याहून कितीतरी मोठी वसाहत १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या परिसरात, वळिवड्यास उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसांची ती वसाहत होती. लांबच लांब बैठ्या बराकी, एकेका बराकीत अनेक कुटुंबांच्या खोल्या, पुढे व्हरांडा. शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते, नाटकेही होत. युद्ध संपले तरी ही माणसे परत गेली नाहीत. कारण फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेने त्यांची गावे सोव्हिएत संघात टाकली होती. परत जावयाचे म्हणजे ज्याने हाकलले त्याच्याच राज्यात. अशा रीतीने युद्धकाळाचा निवारा युद्धोत्तर काळातही चालू राहिला, आणि १९४८ मध्ये तो रिकामा झाला. बरेच जण सैन्यातील वडील किंवा भाऊ यांच्यामागोमाग इंग्लंडला गेले.

बराकी मात्र फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि सिंधमधून बाहेर पडणाऱ्या हिंदूंचा लोंढा वाढला. मुंबई इलाख्याच्या लष्करी तळांवर, विशेषतः कल्याणजवळच्या छावण्यांत, त्यांची सोय करण्यात आली. त्यांतील काही कुटुंबे वळिवड्यास येऊन पोहोचली. तेव्हा कोल्हापूर अद्याप विलीन व्हावयाचे होते. ते झाले मार्च १९४९ मध्ये. या वसाहतीचे पुढे गांधीनगर झाले आणि आज दक्षिण महाराष्ट्रातील कापडाची एक मोठी घाऊक बाजारपेठ म्हणून ते ओळखले जाते. तेथे खरेदीस जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना पायाखालच्या जमिनीचा हा इतिहास माहीत असतो.

येथे एक योगायोग आहे. पोलिश कुटुंबाचे मूळ घर जेथे होते तेथे सीमारेषाच सरकली. सिंधी कुटुंबाच्या बाबतीत सिंध प्रांताच्या मधून कोणतीही रेषा गेली नव्हती. बंगाल आणि पंजाब चिरले गेले, सिंध अखंडच पलीकडे गेला. त्यामुळे सिंधी लेखकाला भाषेचा तुकडाही प्रदेशासह मिळाला नाही. तरीही दोघांची अवस्था एका बाबतीत सारखी होती. घर उभे आहे, पण ते ज्या राज्यात आहे तेथे आपल्याला जाता येत नाही. आणि ही दोन कुटुंबे, काही महिन्यांच्या अंतराने, त्याच चार भिंतींत राहून गेली.

आता साहित्याकडे वळू. छावणीतील पोलिश मुलांनी मोठेपणी आपल्या आठवणी लिहिल्या. लंडनमधील त्यांच्या संघटनेने सिद्ध केलेला, कागदपत्रे आणि आठवणी यांचा जाडजूड ग्रंथ २००० साली पोलिशमध्ये निघाला. पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. अनुराधा भट्टाचार्जी यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तकही २०१२ मध्ये आले. या आठवणींतील वळिवडे हे बहुतांशी सुखाचे ठिकाण आहे. ऊन आहे, पोटभर अन्न आहे, शाळा आहे, नदीत पोहणे आहे, व्हरांड्यावर चढविलेला वेल आहे. याच्या उलट, सिंधी निर्वासितांच्या पहिल्या पिढीने कोल्हापूर, कल्याण, पिंपरी येथील छावण्यांविषयी जे सांगितले आणि लिहिले त्यात बराक ही अपमानाची जागा म्हणून येते: रेशनची रांग, सामाईक नळ, आडोसा नसलेले आयुष्य, हवेलीतून उचलून गोदामात टाकल्याची भावना. एकाच प्रकारच्या, आणि वळिवड्यापुरते बोलावयाचे तर अक्षरशः एकाच खोलीचे हे वर्णन आहे.

कोण खरे बोलतो, असा प्रश्न येथे गैरलागू आहे. पोलिश मुलगी त्या खोलीत सायबेरियातील लाकडी झोपडीतून, भुकेतून आणि बर्फातून आली होती. सिंधी गृहिणी सक्कर, शिकारपूर किंवा हैदराबाद येथील स्वतःच्या मालकीच्या घरातून आली होती. दोघींनी खोली मोजली ती मागच्या खोलीच्या मापाने. त्यातही एकीला ती मुलाच्या नजरेतून दिसली, दुसरीला संसार चालविणाऱ्या बाईच्या. (पोलिश आयांच्या आठवणी मुलांच्या आठवणींच्या मानाने फारच थोड्या उपलब्ध आहेत, त्या लिहिल्या गेल्या असत्या तर त्या खोलीत कदाचित वेलीपेक्षा धूर अधिक दिसला असता.) हे सारे तौलनिक अभ्यासाला किती उपकारक आहे हे वाचकांना सांगावयास नको. आपण नेहमी दोन भाषांतील दोन कादंबऱ्या घेतो आणि त्यांना जोडणारा दुवा स्वतःच्या कल्पनेने उभा करतो. येथे दुवा विटामातीचा होता. आणि तरीही ही दोन वर्णने कोणी शेजारी ठेवून वाचल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

असे का व्हावे याचे उत्तर मला काही वर्षांपूर्वी एका प्रत्यक्ष शोधातून मिळाले. इंग्लंडमध्ये वाढलेल्या एक बाई कोल्हापुरास आल्या होत्या. त्यांच्या आईचे बालपण वळिवड्यास गेले होते आणि ती खोली, निदान तिची जागा, त्यांना पाहावयाची होती. ओळखीच्या ओळखीने दुभाषा म्हणून मला सोबत जावे लागले. त्यांच्याजवळ तीन गोष्टी होत्या. एक छायाचित्र, ज्यात व्हरांड्याचा खांब आणि दोन मुली एवढेच होते. एका पत्राचे पाकीट. आणि आईने उतारवयात पेन्सिलीने काढलेला नकाशा. या नकाशात उत्तर-दक्षिण काहीच नव्हते. तो सुरू होत होता दारापासून. दारातून बाहेर पडले की डावीकडे शाळा, समोर चर्च, उजवीकडे मैत्रिणीची बराक. नकाशा शरीराचा होता, जमिनीचा नव्हता. दार कोणत्या दिशेला उघडत होते एवढे कळले असते तर पुढचे सर्व जुळले असते. नेमके तेच आईने लिहिले नव्हते, कारण मुलाला दाराची दिशा ठाऊक नसते, दारच ठाऊक असते.

दुकानांच्या रांगांतून आम्ही दोन दिवस फिरलो. शेवटी ज्यांच्याकडून काही हाती लागले ते एक वयस्क सिंधी व्यापारी होते. त्यांचा जन्म बराकीत, १९५० च्या आसपासचा. गल्ल्यावरून उठून, ‘बसा ताई’ म्हणून त्यांनी त्या बाईंना चहा पाजला आणि अस्सल कोल्हापुरी मराठीत जुन्या बराकींचा क्रम सांगावयास सुरुवात केली. त्यांची पद्धत निराळी होती. ते आजच्या दुकानांवरून मागे जात होते: हे दुकान ज्यांचे त्यांच्या वडिलांची खोली येथे, त्यांच्या शेजारी अमके, बराकीच्या टोकाला तमके. माणसांच्या नावांनी बांधलेली ती जागा होती. आई सांगत असे ती एक गोष्टही त्यांनी सांगितली. खोलीत आले तेव्हा भिंतीत आधीच्या लोकांचे खिळे तसेच होते. कोणत्या चित्रांसाठी ठोकले होते कोण जाणे, पण नवे खिळे घ्यावयास पैसे नव्हते म्हणून त्यांतल्याच एकावर झूलेलालची तसबीर लावली.

दोन पद्धती जुळवून आम्ही त्या बाईंच्या आईच्या खोलीपाशी तीन-चार खोल्यांच्या फरकाने पोहोचलो. अधिक नेमके सांगता आले नाही. पण मला महत्त्वाचे वाटले ते निराळेच. व्यापारी गृहस्थांना आपल्या आधी तेथे परदेशी लोक होते एवढेच माहीत होते. बाईंच्या आईच्या सगळ्या आठवणींत १९४८ नंतर त्या खोलीचे काय झाले याविषयी एक शब्दही नव्हता. प्रत्येकाची गोष्ट जेथे थांबते तेथूनच दुसऱ्याची सुरू होते, आणि जोड मात्र कोणाच्याच गोष्टीत येत नाही. तो जोड ज्यांनी पाहिला ते लोक तिसरेच: वळिवड्याचे शेतकरी, दूध घालणारे, बराकीत कामास जाणाऱ्या बाया. दोन्ही कुटुंबे त्यांनी पाहिली. त्यांची भाषा मराठी.

म्हणजे एका खोलीचा वृत्तांत पोलिश, सिंधी आणि मराठी अशा तीन भाषांत वाटला गेला आहे. आता आपल्या विद्यापीठांची रचना पाहा. पोलिश शिकविणारे विभाग विदेशी भाषांत मोडतात. सिंधीचे विभाग मोजके, आणि प्रदेश नसलेल्या भाषेला जी अडचण असते ती त्यांना पदोपदी जाणवते. आठव्या अनुसूचीत सिंधीचा समावेश व्हावयास १९६७ साल उजाडावे लागले. मराठीचा विभाग मराठी ग्रंथांवर काम करतो. वळिवड्यावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने जावे कोणत्या दारात? मी स्वतः असा विषय एका विद्यार्थिनीसाठी एका ठिकाणी सुचविला होता. ‘हा आमच्या भाषेचा विषय नाही’ असे लेखी उत्तर आले. उत्तर नियमाला धरून होते यात शंका नाही. प्रस्तुत नियतकालिकाचे विभागही भाषावारच आहेत, आणि हा लेख त्यांतल्या एकात छापला जात आहे, हेही येथे नमूद करून ठेवतो.

सार्वजनिक स्मृतीचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. वॉर्सा येथे २०१७ मध्ये वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक उभे राहिले; ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. वळिवड्यासही सप्टेंबर २०१९ मध्ये स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, आणि छावणीत वाढलेली काही वृद्ध मंडळी त्यासाठी पोलंडहून आणि अन्यत्रहून आली. हे सर्व उचितच झाले. कोल्हापूरकरांना त्याचा अभिमान वाटतो तोही रास्त आहे. परंतु या स्मृतीत खोलीला भाडेकरू एकच आहे. जो पाहुणा आला आणि कृतज्ञतेने परत गेला त्याचे स्मारक करणे सोपे असते. जो आला आणि राहिला, ज्याने दुकान घातले, ज्याच्याशी आपण भावावरून हुज्जत घालतो, त्याच्या येण्याचे स्मारक कोणी करीत नाही. शिवाय पहिल्याच्या मागे एक परराष्ट्र मंत्रालय असते.

कागदपत्रांकडे वळले तरी हाच अनुभव येतो. निर्वासितांच्या मालमत्तेसाठी १९५० मध्ये दाव्यांचा आणि १९५४ मध्ये भरपाई व पुनर्वसनाचा कायदा झाला. त्याखालील दाव्यांसाठी मागे राहिलेल्या मालमत्तेचा तपशील द्यावा लागे, आणि सिंधी कुटुंबांच्या जुन्या पेट्यांतून असे कागद अजूनही निघतात. त्यांत सिंधमधील घर तपशिलाने येते. बराक येते ती फक्त अर्जदाराचा पत्ता म्हणून, कागदाच्या कोपऱ्यात. एकाच कागदावर दोन घरे आहेत; एक मजकुरात, एक पत्त्यात. आपण आजवर मजकूर वाचला. माझे म्हणणे एवढेच की पत्ताही वाचावा. उल्हासनगरात तर पत्त्याचे सामर्थ्य विशेषच दिसते. लष्करी छावणीची ही वसाहत ऑगस्ट १९४९ मध्ये या नावाने वसली; बराकी पडून तेथे मजले चढले, पण बराक क्रमांक आणि खोली क्रमांक लिहिण्याची रीत मागे राहिली. इमारत गेली आणि तिचा आकडा उरला. मोहन कल्पनांसारखा सिंधी कथाकार याच नगरात राहून लिहीत होता, हे मुंबईतल्या किती मराठी वाचकांना ठाऊक असेल?

इंग्लंडशी तुलना करण्याचा मोह येथे होतो, आणि ती निराधार नाही. कारण वळिवड्याहून गेलेली अनेक पोलिश कुटुंबे इंग्लंडात पुन्हा तात्पुरत्या घरांतच, लष्कराने सोडलेल्या पन्हाळी पत्र्यांच्या अर्धगोल ‘निस्सेन’ झोपड्यांत, राहिली. खुद्द इंग्रजांसाठीही युद्धानंतर कारखान्यात तयार केलेली तात्पुरती घरे उभारण्यात आली. ती जेमतेम दहा-पंधरा वर्षे टिकावीत अशी अपेक्षा होती. ती किती होती? १,५६,६२३. अखेरच्या आकड्यापर्यंत ही मोजदाद उपलब्ध आहे. लंडनच्या कॅटफर्ड भागातील अशा वसाहतीतली सहा घरे तर २००९ मध्ये संरक्षित वास्तू म्हणून नोंदविली गेली, बाकीच्यांच्या नशिबी पाडकाम आले. तिकडील माणूस आजीचे घर शोधावयास निघाला तर नकाशा, मतदारयादी, विमानातून घेतलेली छायाचित्रे यांचा आधार त्याला मिळतो. आपल्याकडे आधार माणसांचा, आणि तो आता संपत आला आहे. बराकीत जन्मलेले लोक पंचाहत्तरीत आहेत. बराकीत येताना ज्यांना कळते वय होते ते नव्वदीच्या घरात.

यावर एक आक्षेप येईल, तो मला आधीच ऐकू येतो. हे काम इतिहासकाराचे वा समाजशास्त्रज्ञाचे आहे, साहित्याच्या अभ्यासकाने यात कशासाठी पडावे? मराठीच्या अभ्यासकाने तरी हा आक्षेप घेऊ नये. ज्या जागा नाहीशा होत चालल्या आहेत त्यांचा ठावठिकाणा नोंदविणे हा मराठी गद्याचा अगदी आरंभीचा उद्योग आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ आठवावी. चक्रधरस्वामी ज्या गावी राहिले, ज्या मठात वा देवळात उतरले, त्या स्थानांचा निर्देश तीत आहे: गाव कोणते, गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कोणीकडे, आसन कोठे, अमुक स्थानापासून तमुक स्थान कोणत्या बाजूस. लीळाचरित्रातील प्रसंग ज्यांना पुढे प्रत्यक्ष जागी जाऊन स्मरावयाचे होते त्यांच्यासाठी ही रचना झाली. तिच्यात अलंकार नाहीत, भावना जवळजवळ नाही. दिशा आहेत आणि दारे आहेत. आणि आपण तिला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात निःशंकपणे स्थान देतो. त्या पेन्सिलीच्या नकाशाला जे हवे होते, म्हणजे दाराची दिशा, ते लिहून ठेवण्याचे महत्त्व सातशे वर्षांपूर्वीच्या या लेखकांना पुरेपूर कळलेले होते.

अर्थात एक भेद आहे आणि तो लहान नाही. स्थानपोथीच्या दृष्टीने स्थानाला महत्त्व आले ते एका पुरुषाच्या वास्तव्याने. त्याच्या आधी आणि नंतर तेथे कोण राहिले याच्याशी तिला कर्तव्य नाही. आज वळिवड्याची स्मृती नेमकी याच रीतीने रचली जात आहे, आणि उद्या सिंधी समाजाने आपले वेगळे स्मारक उभारले तर तेही याच रीतीने रचले जाईल. बराकींच्या स्थानपोथीत स्थान आधी यावयास हवे, माणसे मागून. एका खोलीची एक नोंद. तीत आधीचे कुटुंब, नंतरचे कुटुंब, त्यांच्याकडे कामाला येणारी गावातली बाई, सर्व एकाखाली एक.

हे काम फार मोठ्या योजनेचे नाही. पोलिश जाणणारा एक, सिंधी जाणणारा एक आणि कोल्हापूरकडची बोली कानावर असलेला एक, असे तीन विद्यार्थी दोन सुट्ट्यांत वळिवड्याची अशी नोंदवही तयार करू शकतील. लंडनच्या ग्रंथातील आठवणींतून बराकींचे उल्लेख काढावयाचे, गांधीनगरातील वृद्धांकडून दुकानांच्या मागे दडलेला क्रम लिहून घ्यावयाचा, आणि जुन्या वळिवडेकरांना दोन्ही वाचून दाखवावयाचे. छावणीतील काही पोलिश मुलींनी येथेच विवाह केले; त्यांतील एक तर कोल्हापुरात मराठी घरची सून म्हणून आयुष्यभर राहिली. अशा घरांतूनही काही मिळेल. तीन विभागांनी मिळून हा एक प्रबंध मान्य करावा, मार्गदर्शक तिघे असावेत. नियमात बसत नसेल तर नियमात एक ओळ वाढवावी. याहून किरकोळ कारणांसाठी त्या वाढविलेल्या आपण पाहिल्या आहेत.

सिंधी नावे अरबी लिपीत लिहावीत की देवनागरीत, हा जुना वाद येथेही निघेल. तो निघाल्यास दोन्ही लिप्यांत लिहावीत, पोलिश नावे रोमनमध्ये ठेवून शेजारी उच्चार द्यावा, आणि दाराची दिशा मात्र प्रत्येक नोंदीत, ती कळली असेल तर, पहिल्या ओळीत यावी.